खिळ्यावरचा पट्टा

१

रेशीमची गादी अजून कोमट होती आणि गादीवर रेशीम नव्हती.

माऊने हात झटकन मागे घेतला. कोमट म्हणजे आत्ताच. ती पलीकडे न्हाणीघरात दात घासत होती तेव्हा, फक्त एका भिंतीच्या अंतरावर, कोणीतरी इथे उभं होतं. कदाचित अजूनही असेल. दाराआड असेल, नाहीतर खाण्याच्या मोठ्या पिंपामागे. तिच्या तोंडात पेस्टचा फेस तसाच होता. गिळावा की थुंकावा, तेही तिला सुचेना.

"रेशीम?" तिने हाक मारली. आवाज इतका बारीक निघाला की तो तिचा तिलाच ऐकू आला नाही.

घरात दुसरं कोणी नव्हतं. रोज सकाळी साडेसहा ते साडेसात आत्या आणि काका बाकीच्या चार कुत्र्यांना फिरायला नेत. रेशीम माजावर आली होती, म्हणून गेले दहा दिवस तिचं फिरणं बंद होतं. कुत्री माजावर आली की तिच्या वासाने गल्लीतले सगळे नर कुत्रे फाटकाशी येऊन पडत. काका त्यांना 'नवरदेव' म्हणायचे. माऊला त्या पाच नवरदेवांची फार भीती वाटायची. शाळेत जाताना ती भिंतीला घासून, श्वास रोखून निघायची.

आज मात्र खिडकीतून बाहेर पाहिल्यावर फाटकासमोर एकही कुत्रा दिसला नाही. तेवढ्यापुरतं तिला बरं वाटलं. 

माऊ अकरा वर्षांची होती. आई-बाबा नोकरीनिमित्त दूर देशी होते, म्हणून दोन वर्षांपासून ती आत्याकडे राहत होती. 'कुत्र्यांच्या घरात एक तरी मांजर पाहिजे,' असं म्हणून काकांनी पहिल्याच दिवशी तिला माऊ केलं होतं. आत्या कुत्र्यांची पैदास करायची. वर्षाकाठी एखाद्याच कुत्रीची पिल्लं, पण अशी की माणसं दोन-दोन वर्षं वाट पाहत. पिल्लांच्या खोलीत आत्याने स्वतःच्या टपोऱ्या अक्षरात नियम लिहून लावले होते. दोन वर्षांच्या आत कुत्रीला पिल्लं होऊ द्यायची नाहीत. दोन वेतांत निदान वर्षाचं अंतर. आईबापांची हाडं आणि डोळे तपासल्याशिवाय जोडी नाही. आठ आठवड्यांच्या आत पिल्लू घराबाहेर जाणार नाही. दिलेलं पिल्लू कुठल्याही वयात परत आलं तर घ्यायचं. असे सात. आणि सगळ्यांच्या वर, सर्वांत मोठ्या अक्षरात पहिला: आई आधी, पिल्लं नंतर.

मधाच्या रंगाची, सहा वर्षांची रेशीम या घरातली सर्वांत शहाणी कुत्री. माऊ रडली की ती येऊन तिच्या पावलावर हनुवटी ठेवायची, बाकी काही करायची नाही. मागच्या वेळी तिची पिल्लं ऑपरेशन करून काढावी लागली होती. आता पुन्हा पिल्लं होऊ दिली तर रेशीम वाचणार नव्हती. माऊला हे पक्कं माहीत होतं. ते तिला कसं कळलं, हे मात्र तिने कोणालाच सांगितलं नव्हतं; एका माणसाला फक्त आडून विचारलं होतं.

भिंतीवरच्या दिनदर्शिकेत आत्याने माजाचा एकेक दिवस ठिपक्याने मोजला होता. आज शुक्रवार, दहावा ठिपका. रविवारी, बाराव्या दिवशी, ठिपक्याभोवती लाल गोल होता.

बाहेर फाटक वाजलं. कुत्र्यांच्या साखळ्या, काकांचं खोकणं. माऊ धावत सुटली.

"आत्या! रेशीमला कोणीतरी नेलं!"

आत्याच्या हातातल्या साखळ्या गळून पडल्या. पण माऊ त्याहून जास्त घाबरली ती आत्याच्या पुढच्या वाक्याने.

"पोलिसांना बोलवायचं नाही," आत्या म्हणाली. "काही झालं तरी नाही."

२

नेमकी त्याच दिवशी नऊ वाजता वार्षिक तपासणी होती.

तपासनीस बाई वेळेवर आल्या. पैदास करणाऱ्यांच्या संघटनेकडून त्या दर वर्षी येत. पूर्वी त्या शाळेत विज्ञान शिकवायच्या. अंगाने किरकोळ, पायात पांढरे कॅनव्हासचे बूट, हातात पेन्सिल. दर दोन मिनिटांनी त्या पेन्सिलीला टोक करत आणि निघालेली साल एका रिकाम्या काड्यापेटीत जपून ठेवत. माऊला त्या नेहमीच भीतिदायक वाटायच्या, कारण त्या कधीच आवाज चढवत नसत.

पिल्लांच्या खोलीच्या दारात लाल औषधाचं जांभळं पाणी भरलेला पसरट ट्रे असे. बाहेरची रोगराई बुटांबरोबर आत येऊ नये म्हणून प्रत्येकाने त्यात पाय बुडवायचा. बाईंनी न सांगता दोन्ही बूट बुडवले. पांढऱ्या बुटांची पर्वा केली नाही.

"काय झालंय?" त्यांनी विचारलं. आत्याचं तोंड बघूनच त्यांना कळलं होतं.

काकांनी सगळं सांगितलं. आत्या भिंतीला टेकून उभी होती. बाईंनी ऐकून घेतलं, मग गुडघे टेकून जमिनीकडे पाहिलं.

"माऊ, इकडे ये. तुझे डोळे माझ्यापेक्षा तरुण आहेत. काय दिसतं?"

माऊ ओणवी झाली. ट्रेपासून गादीपर्यंत तपकिरी पावलांचे ठसे होते. लाल औषध वाळलं की तसा डाग पडतो. ठसे लहान होते, त्यांत गोल गोल ठिपक्यांची नक्षी होती. घरातल्या कोणाच्याच चपलांना तशी नक्षी नव्हती. गादीजवळ रक्ताचे चार थेंब होते, माजाचे. भिंतीतल्या खिळ्यापर्यंत थेंब होते आणि खिळ्याच्या पुढे एकही नव्हता.

"त्या खिळ्यावर काय असायचं?"

"रेशीमचा लंगोट," माऊ म्हणाली. "माजावर असली की बाहेर काढताना घालतो तो."

आता खिळ्यावर लंगोट नव्हता. तिथे रेशीमचा गळ्यातला चामडी पट्टा लटकत होता. त्याचं बक्कल नीट लावलेलं होतं.

 आंघोळीशिवाय तो पट्टा कधीच निघायचा नाही. त्यावर घरचा फोन नंबर कोरलेला होता. पट्ट्याशिवाय रेशीम म्हणजे कोणाचीही रेशीम.

"ओळख पुसली," काका दात खाऊन म्हणाले. "हे त्या दुकानदाराचंच काम. कुत्र्या-मांजरांचं दुकान आहे त्याचं, बाई. पाच आठवड्यांची पिल्लं मागत होता हिच्याकडे. हिने हाकलला तर जाताना म्हणाला, 'एक दिवस तुमची रेशीम माझ्या अंगणात असेल.' मी त्याला फोन करून चांगला सोलून काढलाय. येतोय तो."

"छान," बाई म्हणाल्या. "येऊ दे. तोवर मला रेशीमची फाईल द्या."

आत्याने कपाटातून फाईल काढली.  बाईंनी वरची अनुक्रमणिका वाचली, मग पान पान उलटलं. वंशावळ होती. हाडांचे फोटो होते. डोळ्यांचा दाखला होता. लसी होत्या. त्या थांबल्या, परत मागे गेल्या.

"क्रमांक सात," त्या हळूच म्हणाल्या. "अनुक्रमणिकेत लिहिलंय, 'ऑपरेशननंतरचं डॉक्टरांचं पत्र'. ते पत्र फाईलमध्ये नाही."

३

दुकानदार गरजतच आला. उंच, रुंद, पायात चकाकते बूट. पिल्लांच्या खोलीच्या दारात तो सवयीने लांब ढांग टाकून ट्रेच्या पलीकडे उतरला.

"ओ, पाय बुडवा!" काका ओरडले.

"बाराशे वेळा सांगितलंत. माझे बूट तुमच्या कुत्र्यांपेक्षा स्वच्छ असतात. कोण म्हणतं मी चोर? या, बघा माझं दुकान, बघा गोदाम!"

माऊ काकांच्या मागे सरकली. त्याचा आवाज छातीत आदळत होता.

"आम्ही तुम्हाला चोर म्हटलेलं नाही," बाई पेन्सिलीला टोक करत म्हणाल्या. "रेशीम मिळाली असती तर काय केलं असतंत?"

"काय म्हणजे? पुढच्या वेळी माजावर आली की पिल्लं घेतली असती. कधी येते ती? आणि अजून चार-पाच वेतं सहज होतील की तिची. तीन वर्षांचीच आहे ना?"

"सहा वर्षांची आहे," काका म्हणाले.

"असं होय? मग कशाला ठेवताय? माझ्या दुकानात सहा वर्षांच्या कुत्रीला उभं करत नाही मी." तो हसला. माऊला तो हसणारा जबडा बघवेना.

तो गेल्यावर काका म्हणाले, "बघितलंत? निर्लज्ज!"

"निर्लज्ज आहे," बाई म्हणाल्या. "पण रेशीम माजावर आहे, हे त्याला माहीत नाही. तिचं वय माहीत नाही. आणि ट्रेमध्ये पाय घालण्याची सवय तर त्याला जन्मात लागणार नाही. चोराने चोरी करतानासुद्धा पाय बुडवलेत. असा चोर मी पहिल्यांदाच बघते आहे. अजून कोण येतं या घरी?"

"कंगवेताई," काका म्हणाले. "बुधवारी येते, कुत्र्यांचे केस विंचरायला, आंघोळी घालायला. दोन गल्ल्या सोडून तिचं दुकान आहे. मुलगी सोन्यासारखी आहे हो. तिच्यावर नका संशय घेऊ."

बाईंनी फोन लावायला सांगितला आणि आवाज सगळ्यांना ऐकू येईल असा ठेवला.

"कंगवेताई, मी तपासनीस बोलते. रेशीम नाहीशी झाली आहे."

 पलीकडून ताईचा आवाज आला, जरा धापा टाकत. "अरेरे. पोलिसांत लगेच नका जाऊ हं. शोधा आधी नीट. मिळेल ती. माऊ... माऊ रडत नाहीये ना?"

"नाही," बाई म्हणाल्या, आणि फोन ठेवला.

माऊ खरंच रडत नव्हती. रडायलाही धीर लागतो. ज्यांना विचारता आलं असतं ते कुत्र्यांचे डॉक्टरही गावाला गेले होते. उद्या शनिवार. परवा रविवार. कुठल्यातरी अंधाऱ्या खोलीत रेशीमसमोर कोणीतरी एक कुत्रा आणून सोडेल. मग साठ-पासष्ट दिवसांनी... तिने डोळे गच्च मिटले.

बाईंनी आत्या-काकांना चहा करायला पाठवलं आणि माऊशेजारी जमिनीवर फतकल मारून बसल्या.

"माऊ, एक विचारू? मघापासून बघते आहे. दुकानदार आला तेव्हा तू घाबरलीस, ते मला समजलं. पण मी फाईल उघडली तेव्हा तू त्याहून जास्त घाबरलीस. तू कशाला घाबरतेस? रेशीम सापडणार नाही याला, की काहीतरी सापडेल याला?"

४

 सांगितलं तर आत्याचं काय होईल? आणि आत्याचं काही झालं, तर माऊ कुठे जाईल? जे आपल्याला जेवायला वाढतात, रात्री पांघरूण घालतात, त्यांच्याबद्दल असं सांगतात का कोणी?

"मी... मी सांगितलं तर आत्या मला परत पाठवेल."

"पाठवेल की नाही, ते मला माहीत नाही," बाई म्हणाल्या. "खोटा धीर मी देत नाही. पण मला एवढं माहीत आहे की रेशीमला बोलता येत नाही. तिच्या वतीने कोणीतरी बोलावं लागतं."

स्वयंपाकघरात कपांचा आवाज होत होता. माऊने दाराकडे पाहिलं. मग ती एका दमात बोलून गेली, थांबले तर पुन्हा जमणार नाही म्हणून.

"सोमवारी माझ्या फ्रॉकचं बटण तुटलं. दोरा घ्यायला मी आत्याचा शिवणाचा डबा उघडला. त्यात रिळांखाली ते पत्र होतं. डॉक्टरांचं. मी वाचलं. 'यापुढचं बाळंतपण जिवावर बेतेल, पुन्हा पिल्लं होऊ देऊ नयेत,' असं होतं. मी तसंच ठेवून दिलं."

"आणि कोणाला सांगितलंस?"

"सांगितलं नाही. फक्त विचारलं. बुधवारी कंगवेताईला विचारलं, 'डॉक्टरांनी नाही म्हटलं, तर काही दिवसांनी त्या नाहीचं हो होतं का गं?' ती म्हणाली, 'असं का विचारतेस?' मग मला रडू आलं."

 बाईंची पेन्सिल पहिल्यांदाच स्थिर होती.

"माऊ, आज सकाळी फाटकाशी नवरदेव होते का?"

"नाही. एकसुद्धा नव्हता."

"कालपर्यंत पाच होते. वास दारात असताना ते पाच जण आपणहून उठून गेले असतील का?"

माऊने मान हलवली. आणि मग तिला कळलं.  ते पाच कुत्रे रेशीमच्या मागे गेले होते. जिथे ते असतील, तिथेच रेशीम असेल.

"चल," बाई उठल्या. "आत्या-काकांनाही बोलाव. आणि लवकर. लंगोट म्हणजे काही कुलूप नव्हे."

५

पहिली गल्ली रिकामी होती. दुसऱ्या गल्लीच्या वळणावर माऊचे पाय जागच्या जागी थिजले.

पाचही तिथे होते. काळा, तुटक्या कानाचा, दोन पिवळे आणि तो मोठा, ज्याच्या ओठावरून दात बाहेर येत. एका बंद शटरसमोर ते अर्धवर्तुळ करून बसले होते. तुटक्या कानाचा शटरखालची फट नखांनी खरवडत होता. शटरवर कंगवा आणि कात्रीचं चित्र होतं.

"हे तर..." काका म्हणाले.

मोठा कुत्रा वळून गुरगुरला. माऊने काकांचा सदरा मुठीत धरला. पळून जावं असं तिला वाटत होतं. पण आतून एक आवाज आला. भुंकणं नव्हतं ते. रेशीम कुणी जवळचं आलं की घशातल्या घशात करायची, तसा कुंईऽऽ असा आवाज.

माऊने सदरा सोडला. "हट्!" ती ओरडली. तिचा आवाज चिरकला. "हट् म्हणते ना!" काकांनी छत्री आपटली, आत्या पुढे सरसावली. कुत्रे चार पावलं मागे हटले आणि तिथेच बसून राहिले.

शटर हातभर वर गेलं. खाली कंगवेताईचे पाय दिसले. ओल्या फरशीवर घसरू नयेत म्हणून घालतात तसले, तळाला गोल ठिपके असलेले रबरी बूट. कडा तपकिरी झालेल्या.

"पटकन या," ती म्हणाली. "नाहीतर ते आत घुसतील."

आत खिडक्या बंद होत्या, मधल्या लोखंडी दाराला कुलूप होतं. कुलूप उघडताच रेशीम धडपडत आली. गळ्यात ताईचा मऊ दोर, कमरेला लंगोट. माऊ खाली बसली आणि रेशीमने तिच्या पावलावर हनुवटी टेकली. आता मात्र माऊ हमसून हमसून रडली.

"तू?" काकांचा विश्वास बसेना. "तू चोरलीस?"

"हो. मीच नेली," ताई म्हणाली.  "द्या पोलिसांत. पण माज संपेपर्यंत ती इथून हलणार नाही. काकूंना विचारा का ते."

"मी सांगते, त्या नंतर बोलतील," तपासनीस बाई म्हणाल्या आणि केस कापायच्या टेबलाला टेकल्या. वर्गात फळ्यासमोर उभ्या राहाव्या तशा.

"पट्ट्यामुळे मला ताईचा संशय आला. कुत्रं पळवणारा माणूस पट्टा धरून पळवतो, काढून ठेवत नाही. आणि ओळख पुसायची असती तर पट्टा खिशात घालून नेला असता. पण हिचं काम काय? आधी आपला मऊ दोर गळ्यात घालायचा, मग चामड्याचा पट्टा काढायचा म्हणजे केस अडकत नाहीत, आणि तो हरवू नये म्हणून बक्कल लावून खिळ्यावर टांगायचा. रोज दहा वेळा करते ती हे. घाबरलेल्या माणसाचे हात सवयीने चालतात. आज सकाळीही तेच झालं."

ताईने आपल्या हातांकडे पाहिलं. जणू त्यांनीच चुगली केली होती.

"शिवाय रेशीम हरवली असं सांगितल्यावर प्रत्येक माणूस आधी विचारतो, 'कधी? कशी?' ताईने ते विचारलं नाही. तिने विचारलं, माऊ रडते आहे का. म्हणजे कोणाच्या डोळ्यांतलं पाणी बघून ती निघाली, तेही मला कळलं."

"मग पत्र? ते पण हिनेच?" काका म्हणाले.

"पत्र वेगळ्या हाताने गेलं." बाईंचा आवाज आणखी खाली आला. "जोडी लावण्याआधी दोन्हीकडचे मालक एकमेकांच्या फायली बघतात. आपल्याकडे तसा नियमच आहे. ते पत्र दिसलं असतं तर कुठल्याही शहाण्या मालकाने आपला कुत्रा दिला नसता. म्हणजे पत्र नाहीसं झाल्याचा उपयोग एकालाच. फाईल दाखवणाऱ्याला. ताईला तर उलट ते पत्र फाईलमध्ये असायला हवं होतं. आणि दिनदर्शिका. कुत्रीला कोंडून ठेवायचं तर तीन आठवडे मोजतात. त्यातल्या एकाच दिवसाला लाल गोल करतात तो जोडी लावण्यासाठी."

 बाहेर नखांचा आवाज पुन्हा सुरू झाला.

माऊने वर पाहिलं. आत्या तिच्याकडेच बघत होती. हा क्षण येणार म्हणून माऊ पाच दिवस घाबरत होती. आता तो आला होता.

"मी बाईंना सांगितलं, आत्या," ती म्हणाली. "शिवणाच्या डब्याचं."

६

आत्या टेबलाच्या कडेवर बसली. 

"रेशीमच्या पणजीपासून सुरुवात केली मी," ती म्हणाली. "अठरा वर्षं. हाडं तपासली, डोळे तपासले, किती जोड्या नाकारल्या. हिच्यासारखी कुत्री एकदाच होते. आणि हिच्या दोन्ही वेतांतलं एकही पिल्लू हिच्यासारखं नाही निघालं. चांगली निघाली, पण हिच्यासारखी नाहीत. मला एकच हवं होतं. एकच. मी रोज स्वतःला सांगत होते, ऑपरेशनने काढू, चांगल्या डॉक्टरकडे नेऊ, काही होणार नाही."

"आणि ते पत्र?" बाईंनी विचारलं.

"फाडवेना. फाईलमध्येही ठेवता येईना. म्हणून लपवलं." आत्याने पदराने तोंड पुसलं. "पोलीस आले असते तर फाईल मागितली असती. सकाळी ही हरवली, तरी माझ्या मनात पहिल्यांदा पत्र आलं. रेशीम नाही आली. पत्र आलं. तेव्हाच मला माझी किळस वाटली."

काका तिच्या शेजारी जाऊन बसले.

"माझ्या भिंतीवर पहिली ओळ काय आहे, माऊ?" आत्याने विचारलं.

 रेशीमच्या मानेत तोंड खुपसून माऊ कशीबशी म्हणाली, "आई आधी."

"मी आज सगळं जसं घडलं तसं लिहिणार आहे," तपासनीस बाई म्हणाल्या. "पुढचं एक वर्ष तुमच्याकडे पिल्लं होणार नाहीत. माज संपला की दोन-तीन महिन्यांनी डॉक्टर रेशीमचं नसबंदीचं ऑपरेशन करतील, म्हणजे हा प्रश्नच उरणार नाही. मान्य?"

"मान्य," आत्या म्हणाली. घासाघीस केली नाही.

"आणि ताई, तूही चुकलीस. पाच कुत्र्यांना मागे घेऊन दोन गल्ल्या चाललीस. एकाने जरी गाठलं असतं तर ज्याला घाबरत होतीस तेच रस्त्यात घडलं असतं. मला फोन का नाही केलास? मी कशासाठी आहे?"

ताई इतका वेळ खाली मान घालून उभी होती. आता ती उसळली. "तुमचा नंबर कोणाकडे असतो हो, बाई? वर्षातून एकदा येता. भिंतीवर सात नियम लिहिलेत, मोठमोठ्या अक्षरांत. ते मोडले तर कोणाला सांगायचं, हे कुठे लिहिलंय? अकरा वर्षांची पोर पाच दिवस एकटी घाबरत होती. आणि तिला मी सापडले, तर मीही घाबरट निघाले."

बाईंनी पेन्सिल खाली ठेवली. "हे माझं चुकलं," त्या म्हणाल्या.

दुपारी रेशीमला काकांच्या मित्राच्या बंद गाडीतून घरी आणलं. नवरदेव गाडीमागे धावत आले आणि फाटकाशी आपापल्या जागी जाऊन पडले. "आली वरात परत," काका म्हणाले, पण हसलं कोणी नाही.

आत्याने शिवणाच्या डब्यातून पत्र काढलं आणि क्रमांक सातच्या जागी लावलं. मग ती स्टूल घेऊन पिल्लांच्या खोलीत आली. ट्रेमध्ये पाय बुडवून आत शिरली. स्टूल नियमांच्या पाटीखाली ठेवलं.

"चढ," ती माऊला म्हणाली. "मी धरते."

"मी?"

"तुझं अक्षर सगळ्यांना वाचता येतं. लिही. 'यातला एकही नियम मोडताना दिसला तर,' आणि खाली बाईंचा नंबर."

माऊ स्टुलावर चढली.  तिने पेन उघडलं आणि खाली पाहिलं. आत्याने दोन्ही हातांनी स्टूल घट्ट धरलं होतं.

"आत्या, कोणीही मोडला तरी?"

"मी मोडला तरी," आत्या म्हणाली. "तसंच लिही."